धणे, संत्र्याची साल आणि बिअर : भोपाळच्या ग्लासातला मसाला ओळखायचा कसा?

पांढुर्णा/भोपाळ : "मसाल्याची बिअर म्हणजे बिअरमध्ये गरम मसाला टाकतात का हो?" गेल्या काही महिन्यांत हा प्रश्न आम्हाला निदान पाच-सहा जणांनी विचारला. विचारणारे सगळे आपल्याच भागातले. कुणी वल्लभ भवनात फाईल घेऊन गेलेले, कुणी एम्समध्ये पेशंट दाखवायला, कुणी पोराच्या अ‍ॅडमिशनसाठी. संध्याकाळी भोपाळला मुक्काम पडला, मित्र एखाद्या हॉटेलात घेऊन गेला आणि समोर कार्ड आलं. त्यावर 'पेल एल', खाली बारीक अक्षरात धणे, संत्र्याची साल, मिरे, गवती चहा. दुकानातल्या बाटलीपेक्षा भाव बराच जास्त. एक ग्लास घेतला, पिऊन झाला आणि बाहेर आल्यावर प्रश्न पडला, की आपण नेमके कशाचे पैसे दिले?

या प्रश्नाचं उत्तर द्यायचा हा प्रयत्न. जे घेत नाहीत त्यांनीही शेवटचा हिशेब तेवढा वाचावा, कारण तो संत्र्याचा आहे.

आधी नाव समजून घेऊ. 'पेल' म्हणजे फिकट. प्रत्यक्षात ग्लासातला रंग फिकट नसतो, मधासारखा किंवा कोऱ्या चहासारखा असतो. मग फिकट कशाला म्हणायचं? तर जुन्या इंग्लंडमध्ये जव, म्हणजे सातू, मोड आणून लाकडाच्या जाळावर सुकवत. तो धुरकट आणि काळपट व्हायचा, बिअरही काळी व्हायची. पुढे दगडी कोळशापासून केलेल्या कोकवर तो सुकवायला लागले, जाळ हातात राहिला आणि धान्य उजळ निघालं. त्या काळ्या बिअरच्या मानाने ही फिकट, म्हणून पेल.

'एल' हा शब्द विरजणाचा आहे, असं समजा. बिअरचं विरजण म्हणजे यीस्ट. आपण दुकानातून घेतो ती बहुतेक बाटलीबंद बिअर 'लागर' जातीची. तिचं यीस्ट थंडीत, साधारण ७ ते १३ अंशांत, सावकाश काम करतं आणि चव स्वच्छ, सरळ ठेवतं. एलचं यीस्ट १५ ते २४ अंशांत, ऊबेत काम करतं आणि आंबवताना फळांसारखे वास तयार करतं. एकाच दुधाचं दही हिवाळ्यात वेगळं लागतं आणि उन्हाळ्यात वेगळं, तसंच काहीसं. त्यामुळे पेल एलमध्ये कधी पेरूचा, कधी मोसंबीचा वास येतो तेव्हा त्यात पेरू टाकलेला नसतो, तो यीस्टचा आणि हॉप्सचा खेळ असतो. हे पक्कं ध्यानात ठेवा, पुढे मसाला ओळखताना कामी येईल.

आता हॉप्स. हे वेलीचं हिरवं बोंड. दिसायला कोवळ्या कणसासारखं, चवीला कडू जहर. मॉल्टचं, म्हणजे मोड आणून सुकवलेल्या सातूचं, भरड पीठ ६५ अंशांच्या आसपास गरम पाण्यात तासभर भिजवतात, त्यातून गोड काढा निघतो. तो तासभर उकळतात. हॉप्स सुरुवातीला टाकले तर कडूपणा उतरतो, शेवटी टाकले तर वास राहतो. मग थंड करून यीस्ट. हॉप्स फक्त चवीला नाहीत, टिकण्यासाठीही आहेत. इंग्रजांच्या काळात मुंबई-कलकत्त्याला येणारी गलबतं आफ्रिकेला वळसा घालून चार-सहा महिने समुद्रात असायची. लंडनजवळच्या बो गावचा हॉजसन हा ब्रुअर अठराव्या शतकाच्या अखेरीस अशा जहाजांवर पिंपं चढवून इथल्या साहेबांसाठी बिअर पाठवायचा. हॉप्स जास्त घातलेली ही पेल एल टिकायची. पुढे तिलाच 'इंडिया पेल एल' हे नाव पडलं. नावात इंडिया आहे, बाकी माल सगळा तिकडचा.

मग मसाला कुठून आला? खरं तर मसाला हॉप्सच्या आधीचा आहे. युरोपात हॉप्स सर्रास वापरात येण्यापूर्वी रानातल्या वनस्पतींचं मिश्रण बिअरमध्ये घालत, त्याला 'ग्रुट' म्हणत. १५१६ मध्ये बव्हेरियात कायदा झाला, की बिअर म्हणजे सातू, हॉप्स आणि पाणी, बाकी काही नाही. जर्मन मंडळी शिस्तीची, त्यांनी ऐकलं. शेजारच्या बेल्जियमला तो कायदा लागू नव्हता. तिथे गव्हाच्या पांढुरक्या बिअरमध्ये धणे आणि संत्र्याची साल घालायची रीत राहिली. ती जवळपास मेली होती, पण १९६६ मध्ये होगार्डन गावात पिअर सेलिस नावाच्या गवळ्याने पुन्हा सुरू केली. आपल्याकडे २०१५ मध्ये आलेली बिरा ९१ ची 'व्हाईट' त्याच घराण्यातली. ती सुरुवातीला बेल्जियममध्ये तयार होऊन यायची, नंतर इंदूर आणि नागपूरकडे बनायला लागली. म्हणजे धणे-संत्र्याची बिअर आपल्या लोकांनी नकळत आधीच चाखलेली आहे, फक्त ती गव्हाची होती. पेल एलमध्ये हेच मसाले घालणं जास्त अवघड, कारण तिथे हॉप्सचा कडूपणा आधीच बसलेला असतो आणि मसाल्याला त्याच्याशी जमवून घ्यावं लागतं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. आंबवलेल्या पेयात मसाला घालणं परदेशातून शिकायची आपल्याला गरज नव्हती. घरातली द्राक्षासवाची किंवा कुमारी आसवाची बाटली काढून लेबल वाचा. आसव-अरिष्टं आंबवूनच होतात, त्यात आपोआप तयार झालेला अल्कोहोल असतो आणि तसं लेबलवर छापलेलं असतं. आत दालचिनी, वेलदोडा, मिरे, पिंपळी असते. आणि विरजण म्हणून काय? धायटीची फुलं. आपल्या सातपुड्यात, मेळघाटात उन्हाळ्याच्या तोंडाला लाल फुलांनी भरलेली जी झुडपं दिसतात, ती धायटी. तिच्या फुलांवर रानटी यीस्ट असतं. झारखंड-छत्तीसगडकडे तांदळाची हडिया करताना मुळ्या-पाल्यांची गोळी विरजण म्हणून घालतात, तेही त्याच जातीचं ज्ञान. आजीच्या कपाटातलं आसव आणि भोपाळच्या हॉटेलातला ग्लास यांचं नातं वाटतं तितकं लांबचं नाही. अर्थात तुळस किंवा आलं घातलं म्हणून बिअर औषध होत नाही. कुणी वेटर तसं सांगत असेल तर हसून सोडून द्या.

भोपाळमध्ये हे कधीपासून?

जानेवारी २०२२ मध्ये मध्य प्रदेश मंत्रिमंडळाने २०२२-२३ चं अबकारी धोरण मंजूर केलं. त्यात इंदूर आणि भोपाळमध्ये मायक्रोब्रुअरीला परवानगी देण्याचं ठरलं. पाणी, वीज आणि प्रदूषण या मंजुऱ्या घेण्याच्या अटीवर. मायक्रोब्रुअरी म्हणजे हॉटेलातच काचेमागे स्टीलच्या टाक्या, तिथेच बनवायचं आणि तिथेच विकायचं. पुण्यात हे २००९ मध्येच 'दूलाली'ने सुरू केलं होतं, म्हणजे आपण शेजाऱ्याच्या बऱ्यापैकी मागून आलो. भोपाळला बिअर नवी नाही, सोम कंपनीचा मोठा कारखाना शेजारच्या रायसेन जिल्ह्यात वर्षानुवर्षं आहे. पण कारखाना लाखो बाटल्या एकाच चवीच्या काढतो. तिथे धणे टाकून बघू, गवती चहा टाकून बघू, अशी गंमत परवडत नाही. हजार लिटरच्या टाकीवाल्याला परवडते. टाकी बिघडली तर हजार लिटर गेले, ट्रकच्या ट्रक जात नाहीत.

ग्लास समोर आला. आता काय करायचं?

पहिलं म्हणजे घाई करू नका. भोपाळात मे महिन्यात ४२ अंश असतं, बर्फासारखं थंड हवं असतं हे समजतं. पण जिभेला बधिर करणाऱ्या थंडीत मसाला कळत नाही आणि दोषही कळत नाहीत. पेल एल साधारण ७ ते १० अंशांना बोलायला लागते. ग्लास पाच मिनिटं टेबलावर राहू द्या.

दुसरं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. त्याच जागेची साधी, बिनमसाल्याची पेल एल थोडीशी मागवा. बऱ्याच ठिकाणी चाखायला छोटे ग्लास देतात. आधी साधी, मग मसाल्याची. अशी तुलना केल्याशिवाय धण्याचा वास कुठला आणि हॉप्सचा कुठला, हे सांगणं चांगल्या-चांगल्यांना जमत नाही. त्याचं कारण आहे. धण्याच्या सुवासाचा मुख्य भाग म्हणजे लिनालूल नावाचं द्रव्य, आणि तेच हॉप्सच्या तेलातही असतं. म्हणून तर या दोघांचं जमतं. चांगल्या ग्लासात धणे वेगळे उभे राहत नाहीत, हॉप्सच्या मागे उभे राहतात.

आम्ही भोपाळात एका ठिकाणी असंच केलं. नाव देत नाही, ही जाहिरात नाही. कार्डावर धणे, संत्र्याची साल आणि मिरे लिहिलं होतं. साध्या ग्लासात सुरुवातीला भाजलेल्या पावासारखा वास, मग कडूपणा, आणि तो जिभेच्या मागे रेंगाळला. मसाल्याच्या ग्लासात वर नाक नेलं तर आधी संत्र्याचं पान चुरगळल्यासारखं काहीतरी. धणे आहेत असं म्हणवेना. घोट गिळल्यावर नाकाने श्वास सोडला तेव्हा धणे आले, तेही कुटलेले नाहीत, अख्खा दाणा दाताखाली फोडल्यासारखे. मिरे सगळ्यात शेवटी, घशात, इतके हलके की कार्डावर लिहिलं नसतं तर आलं समजलो असतो. सोबतच्या मित्राचं मत मात्र वेगळं. त्याच्या मते दोन्ही ग्लास एकच होते. त्याने तोवर शेवेची अर्धी प्लेट संपवली होती.

तो शेवेचा मुद्दा गमतीचा नाही. रतलामी शेवेत लवंग आणि मिरे असतात. ती खाऊन वर मसाल्याची बिअर प्यायली तर बिअरमधली लवंग कुणालाच सापडणार नाही. शिवाय तिखट, बिअरमधला वायू आणि हॉप्सचा कडूपणा ही तिन्ही एकमेकांना भडकवतात. पहिले चार घोट कोऱ्या तोंडाने घ्या. मग कबाब मागवा, शेव मागवा, जे आवडेल ते.

कुठला मसाला कसा वागतो, हे थोडं सांगतो.

धणे. आपले धणे लांबट असतात, युरोप-मोरोक्कोकडचे बारीक आणि गोल. परदेशातल्या बऱ्याच ब्रुअरना आपले लांबट धणे जास्त पसंत पडतात, कारण त्यांचा वास मऊ आणि संत्र्याकडे झुकणारा असतो. आणि हे धणे येतात कुठून? भोपाळच्या वर गुना जिल्हा, तिथलं कुंभराज, हे धण्याचं नावाजलेलं गाव. भाजीसाठी आपण धणे भाजतो, बिअरसाठी भाजत नाहीत. फक्त भरड कुटतात आणि उकळी संपायच्या शेवटच्या पाच-दहा मिनिटांत टाकतात. जास्त उकळले तर सुवास वाफेबरोबर जातो आणि मागे पालेभाजीसारखं काहीतरी उरतं. घरी करून बघण्यासारखी एक गोष्ट : चार धणे कच्चे चुरगळा, चार भाजून चुरगळा, आणि दोन्हींचा वास घ्या. भोपाळच्या ग्लासात भाजलेल्या धण्यांचा वास आला तर समजा, कुणीतरी भाजीच्या सवयीने काम केलंय.

संत्र्याची साल. इथे आपले लोक ब्रुअरला शिकवू शकतील. वरची केशरी पापुद्र्याएवढी साल हवी, सुवासाचं तेल तिच्यात असतं. आतला पांढरा गर आला की कडवटपणा येतो, आणि तो हॉप्सच्या कडूपणासारखा स्वच्छ नसतो, जिभेवर चिकटून बसतो. ग्लास संपल्यावर तोंडात सालीचा पांढरा भाग चघळल्यासारखं वाटत असेल तर सोलणाऱ्याने कंटाळा केलेला आहे.

मिऱ्याचा तिखटपणा पाण्यात फारसा उतरत नाही, अल्कोहोलमध्ये उतरतो. म्हणून काही जण मिरे, वेलदोडे आधी थोड्या कडक दारूत भिजवून त्याचा अर्क शेवटी टाकीत घालतात. त्याने मापही हातात राहतं. वेलदोडा फार लवकर डोक्यावर बसतो, २० लिटरला चार-पाच वेलदोडे पुरतात, दहा झाले की बासुंदी. गवती चहा आणि आलं सोपं, फसत नाही. जिरं घालू नये असं आमचं मत, ग्लासातून जलजिरा येतो.

आणि लवंग. इथे भलेभले फसतात. गव्हाच्या जर्मन पद्धतीच्या बिअरमध्ये लवंगेचा स्पष्ट वास असतो आणि त्यात लवंग एकही नसते, तो त्या जातीच्या यीस्टनेच तयार केलेला असतो. तेव्हा "यात लवंग आहे" असं ठासून सांगण्याआधी कोणतं यीस्ट वापरलंय ते विचारा. तुळशीतही लवंगेतलंच तेल असतं, त्यामुळे तुळस घातलेली एल बऱ्याच जणांना लवंगेची वाटते.

मसाल्याची एक वाईट बाजूही आहे, आणि पैसे देणाऱ्याला ती माहीत असलीच पाहिजे. स्वयंपाकात शिळी भाजी फोडणीने झाकता येते, तसं बिअरमध्येही चालतं. बिघडलेली टाकी मसाला घालून विकता येते. म्हणून मसाल्याच्या मागे नाक लावायचं. वितळलेल्या लोण्याचा, बटर पॉपकॉर्नचा वास आला तर आंबवण्याची क्रिया पुरी झालेली नाही. उकडलेल्या मक्याचा वास आला तर उकळण्यात किंवा गार करण्यात कसर राहिली आहे. (छिंदवाड्याचं मक्याचं कौतुक आम्हालाही आहे, पण कणसात. ग्लासात नको.) ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे हवा लागून जुनी झाली. आंबट व्हिनेगरचा म्हणजे टाकीत नको तो जीवाणू शिरला. यातलं काही आढळलं तर शांतपणे सांगून ग्लास परत करा. दुधाला वास आला तर आपण डेअरीवाल्याला सांगतोच की. आणि कार्डावर सात-आठ मसाल्यांची यादी असेल तर आम्ही तरी तो ग्लास घेत नाही. दोन किंवा तीन मसाले असतील तर बनवणाऱ्याला काय हवं होतं ते कळतं. आठ असले तर त्यालाही कळलेलं नसतं.

नशेचा हिशेबही करून टाकू. "हर्बल आहे, हलकी आहे" असं म्हणून लोक तीन-तीन ग्लास घेतात. ५ टक्क्यांच्या ५०० मिलीलीटर ग्लासात २५ मिलीलीटर अल्कोहोल, म्हणजे वजनाने साधारण २० ग्रॅम. दुकानातल्या ८ टक्क्यांच्या ६५० मिलीलीटर स्ट्राँग बाटलीत ४१ ग्रॅम. म्हणजे दोन ग्लास 'हलकी' बिअर आणि एक स्ट्राँग बाटली, सारखीच. मोटार वाहन कायद्यातली मर्यादा १०० मिलीलीटर रक्तात ३० मिलीग्रॅम आहे, पहिल्या वेळी पकडलं तर १० हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. भोपाळ-बैतूल रस्त्याने रात्री गाडी घेऊन परत येणाऱ्यांनी हे दोन आकडे मिळवून बघावेत.

आता संत्र्याचा हिशेब

क्राफ्ट बिअर म्हटलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "यात आपल्या शेतकऱ्याचा माल लागतो, शेतकऱ्याला फायदा होईल." वरुड, मोर्शी, पांढुर्णा, सौंसरच्या संत्रा उत्पादकाने प्रक्रियेची आश्वासनं इतकी ऐकलीत की तो आता चेहऱ्यावर काही दाखवत नाही. आम्ही कॉमर्सवाले, आम्हाला वाक्यापेक्षा वही बरी.

हजार लिटर पेल एलची एक टाकी धरा. तिला मॉल्ट लागतं साधारण २०० किलो. हॉप्स चार-पाच किलो. धणे लिटरमागे अर्धा ते एक ग्रॅम, म्हणजे जास्तीत जास्त एक किलो. सुकवलेली संत्र्याची साल तेवढीच, एक किलो. ओली साल चार किलो सुकवली की एक किलो होते असं धरलं, आणि एका संत्र्याची साल ३० ग्रॅम धरली, तर लागली सुमारे १३० संत्री. म्हणजे २० किलोचं एक क्रेट. हजार लिटरला एक क्रेट, बस.

पुढे जाऊ. समजा भोपाळ-इंदूरमध्ये अशा दहा टाक्या आहेत आणि प्रत्येक टाकी दर आठवड्याला संत्र्याचीच बिअर काढते. इतकी कुणी काढणार नाही, पण धरू. वर्षाला ५२० क्रेट. म्हणजे १० टन, एका ट्रकचा माल. मृग बहाराच्या ऐन हंगामात आपल्या मंडीत एका सकाळी किती ट्रक उभे असतात, ते ज्याचं त्याने आठवावं. आणि हे एक क्रेटही लागतं ते फक्त सालीसाठी. गळालेली, बारीक, डाग पडलेली फळं, ज्यांचा खरा प्रश्न आहे, ती इथे उपयोगाची नाहीतच, कारण फवारणीचा अंश सालीवर असतो आणि जाणता ब्रुअर तशी साल घेणार नाही.

धण्याचंही तसंच. किलोला १०० रुपये भाव धरला तर एक किलो धणे ५०० मिलीलीटरच्या दोन हजार ग्लासांत वाटले गेले. ग्लासामागे पाच पैसे. कार्डावर 'कोरिअँडर' हा शब्द छापायला शाई जास्त लागत असेल. तेव्हा ग्लासाचे पैसे मसाल्याचे नाहीत. ते मॉल्टचे, बहुतेक बाहेरून येणाऱ्या हॉप्सचे, परवाना शुल्काचे, कराचे, जागेच्या भाड्याचे आणि एसीचे आहेत. ते द्यायला हरकत नाही, कारागिरीचे पैसे द्यावेतच. पण शेतकऱ्याच्या नावाने देऊ नयेत.

शेतमाल खरोखर किलोंनी कुठे लागतो? जिथे तो मसाला नसून मूळ साखर असतो तिथे. त्याच २०२२ च्या धोरणात दोन गोष्टी होत्या ज्यांच्याकडे कमी लोकांचं लक्ष गेलं. एक, द्राक्षांबरोबर जांभळाच्या वाईनला दिलेली सवलत. दुसरी, मोहाची 'हेरिटेज' दारू. वाळलेल्या मोहफुलात निम्म्याच्या आसपास साखर असते, ते स्वतःच मॉल्टच्या जागी असतं, वरून शिंपडलेलं नसतं. अलीराजपूरमध्ये 'मोंड' आणि दिंडोरीत 'मोहुलो' या नावांनी आदिवासी बचत गटांनी ती बनवली आणि बाटलीत भरली. तिथे फूल वेचणाऱ्या बाईचं पोतं वजनावर चढतं. महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये मोहफूल गोळा करण्यावरचे, साठवण्यावरचे निर्बंध आदिवासींसाठी उठवले. संत्र्याची साल आणि मोहफूल, दोन्ही एकाच भोपाळी कार्डावर छापलेली असली तरी शेतकऱ्याच्या वहीत त्यांची पानं वेगळी आहेत. आमदार-खासदार पुढच्या वेळी 'संत्र्याची बिअर' म्हणाले तर त्यांना एवढंच विचारा, साल की रस? रसाची वाईन म्हणत असतील तर बोलणं पुढे नेऊ. सालीची बिअर म्हणत असतील तर ते एका क्रेटची गोष्ट करत आहेत.

जाणाऱ्यांसाठी नियम थोडक्यात. मध्य प्रदेशात दारूसाठी वयाची अट २१ आहे. महाराष्ट्रात बिअरसाठी २१, कडक दारूसाठी २५, शिवाय परवाना लागतो. १ एप्रिल २०२३ पासून मध्य प्रदेशातल्या दुकानांचे अहाते बंद झाले, म्हणजे दुकानाशेजारी बसून पिण्याची सोय गेली. १ एप्रिल २०२५ पासून धार्मिक महत्त्वाच्या शहरांत दुकानं आणि बार बंद आहेत आणि त्यात आपलं मुलताईही आहे, तापीच्या उगमामुळे. त्यामुळे "मुलताईला थांबून घेऊ" हे गणित आता चालत नाही.

आणि ज्यांना भोपाळहून बाटली भरून गावी आणायची आहे त्यांच्यासाठी : ही बिअर गाळून, तापवून टिकाऊ केलेली नसते, थंड नसेल तर दोन-तीन दिवसांत तिची रया जाते. वरुडकडे जाणाऱ्यांना दुसरी अडचण आहे. परराज्यातली दारू विनापरवाना महाराष्ट्रात नेणं हा तिथल्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, बाटली एक असली तरी, आणि सीमेवर राज्य उत्पादन शुल्कवाले डिकी उघडायला सांगतात. धणे-संत्र्याची आहे म्हणून सोडत नाहीत.